पाने लागत नाहीत तेव्हा

विदर्भाचा जावई नळराजा पुष्कराशी राज्य जाईपर्यंत खेळतच राहिला. पुढे ऋतुपर्णाने बेहड्याची पाने-फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवली, तेव्हा नळाने अश्वविद्या देऊन ती फाशांची विद्या घेतली आणि मगच पुन्हा डाव मांडला. मला या कथेत दमयंतीनंतर ऋतुपर्णच आवडतो.

आमच्या धरमपेठेत दिवाळीला तीन पत्ती बसते. चाल रुपया-दोन रुपयांची, चिवडा भरपूर. यंदा मी ओळीने पाच रात्री हरलो. ‘लक्ष्मी रुसली, भाऊ! जागा बदलून पहा,’ असे सल्ले मिळाले. बँकेत आयुष्यभर आकडे तपासलेल्या माणसाला हे पटावे कसे? 52 पत्त्यांतून तीन पानांचे 22,100 संच होतात. त्यांतल्या 16,440 मध्ये ना जोडी, ना रंग, ना क्रम! म्हणजे चारांतले जवळजवळ तीन हात रिकामेच. पाच सारखे खेळाडू असले, तर कुणीही ओळीने दहा डाव हरण्याची शक्यता दहात एक असते. यात लक्ष्मीने रुसावे असे काय आहे?

धोका रिकाम्या हातात नाही. गेलेले आजच काढायचे म्हणून चाल वाढते, तिथे आहे. बुडीत कर्ज वसूल व्हावे म्हणून त्याच गिऱ्हाइकाला नवे कर्ज देणारे साहेब मी पाहिले आहेत. त्यांचा हिशेब हाच.

मी रात्रीचे पन्नास रुपये वेगळे ठेवतो. ते संपले की पत्ते पिसून देतो, चहा टाकतो. मंडळी चिडवतात, ‘साहेब, लोन देऊ का?’ मी तारण काय मागता, ते विचारतो.