राखेचे भवितव्य भट्टीतच ठरते

नवी दिल्ली : औष्णिक वीज केंद्रांनी आपल्या राखेचा शंभर टक्के वापर करावा, असे बंधन केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेद्वारे घातले. वापराविना राहिलेल्या राखेसाठी प्रतिटन १,००० रुपये पर्यावरण भरपाईची तरतूदही त्यात आहे. मात्र राख कोणत्या कामाची, हे बव्हंशी भट्टीतील काही सेकंदांतच ठरते. नियमांचा भर मात्र वजनावर आहे.

भारतीय कोळसा प्रामुख्याने गोंडवन काळातील आहे. वनस्पतींचे अवशेष गाळासह साचल्याने चिकणमाती आणि वाळूचे सूक्ष्म कण त्यात एकजीव झाले आहेत. त्यामुळे कोळसा धुतला तरी ते पूर्णपणे वेगळे होत नाहीत. वीज केंद्रांना मिळणाऱ्या देशी कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते.

ही खनिजे जळत नाहीत, रूप बदलतात. सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास केओलिन चिकणमातीतील रासायनिक पाणी निघून जाते. हजार अंशांपुढे तिच्यापासून म्युलाइट हे कठीण खनिज तयार होऊ लागते. पायराइटमधील गंधक वायुरूपाने बाहेर पडते आणि लोहाचे ऑक्साइड मागे राहते. कॅल्साइटचा चुना होतो. ज्वालेत वितळलेले थेंब वायूच्या प्रवाहात झपाट्याने थंड होऊन काचेचे सूक्ष्म गोलक बनतात. सुमारे ८० टक्के राख अशी उडती असते. उर्वरित जड राख भट्टीच्या तळाशी पडते.

उडत्या राखेचे मोल या काचेत आहे. चुना आणि पाण्याच्या सान्निध्यात ती बंधक द्रव्य तयार करते, म्हणूनच सिमेंटमध्ये तिला मागणी आहे. याउलट न वितळलेले क्वार्ट्झचे कण बॉयलरच्या नळ्या झिजवतात. ज्वलन अपुरे राहिल्यास उरलेला कार्बन राखेचा दर्जा घटवतो. आर्सेनिक, सेलेनियम यांसारखी मूलद्रव्ये उष्णतेने वायुरूप होऊन पुढे अतिसूक्ष्म कणांवर बसतात. कोरडी उडती राख तळाच्या राखेसह पाण्यात कालवून तलावात सोडली, की तिची प्रतवारीच संपते.

येथेच धोरणातील विसंगती दिसते. खाणीपासून ५०० किलोमीटरपलीकडे ३४ टक्क्यांहून अधिक राखेचा कोळसा न वापरण्याचे २०१४ मधील बंधन मे २०२० मध्ये शिथिल झाले. म्हणजे भट्टीत शिरणाऱ्या खनिजांवरील मर्यादा सैल झाली आणि बाहेर पडणाऱ्या राखेची जबाबदारी वाढली.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये सुमारे २७ कोटी टन राख निर्माण झाली आणि जवळपास ९६ टक्के वापर झाला. मात्र ‘वापर’ या एकाच शब्दात सिमेंटपासून सखल जमिनीच्या भरावापर्यंत सर्व काही येते. राख कोठे आणि कोणत्या रूपात जाते, हे टक्केवारी सांगत नाही.

साठवणुकीची किंमत गावे मोजतात. एप्रिल २०२० मध्ये सिंगरौली जिल्ह्यातील सासन येथे राखेचा बंधारा फुटून जीवितहानी झाली. जुलै २०२२ मध्ये नागपूरनजीकच्या खसाळा येथील बंधारा फुटला. कोळशाची निवड, ज्वलनावरील नियंत्रण आणि कोरड्या राखेचे वेगळे संकलन यांचाही हिशेब मागितला गेला, तरच शंभर टक्क्यांच्या उद्दिष्टाला अर्थ उरेल.