विश्लेषण : मधुमेहींसाठी स्टेंट की बायपास? निर्णयाची घाई नको
अँजिओग्राफी सुरू असतानाच डॉक्टर बाहेर येतात. ‘तीन ब्लॉकेज आहेत, लगेच स्टेंट टाकू या का?’ असे विचारतात आणि घाबरलेले नातेवाईक सही करतात. हृदयविकाराचा झटका आला असेल तर ही घाई योग्यच. पण प्रकृती स्थिर असलेल्या मधुमेही रुग्णाला ती महागात पडू शकते.

संशोधन काय सांगते?
मधुमेह आणि एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेल्या १,९०० रुग्णांवरील ‘फ्रीडम’ चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत मृत्यू, झटका किंवा पक्षाघात होण्याचे प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, तर बायपासच्या गटात १८.७ टक्के होते. मात्र नुसत्या पक्षाघाताचे प्रमाण बायपासनंतर जास्त दिसले : ५.२ टक्के, स्टेंटनंतर २.४ टक्के.

हा फरक का?
स्टेंट एका जागचा अडथळा दूर करतो. मधुमेहात धमनी ठिकठिकाणी अरुंद होते. बायपासमध्ये जोडलेली नवी रक्तवाहिनी हा सगळा खराब भाग ओलांडून पुढे रक्त पोहोचवते.

मग काय करावे?
बायपास ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि ती प्रत्येकाला झेपेलच असे नाही. म्हणूनच हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यविशारद या दोघांचेही मत रुग्णाला मिळायला हवे. रुग्ण टेबलावर असताना ते शक्य नसते. प्रकृती स्थिर असेल तर अँजिओग्राफी तिथेच थांबवावी, दोन्ही पर्यायांचे फायदे-धोके समजावून सांगावेत. सही त्यानंतर.