कुजक्या फांदीची बाजू

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. कुजक्या फांदीचा पांग मात्र अजून कोणी फेडलेला दिसत नाही. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या कोणत्याही रानात शिरा. ऐन, जांभूळ, धावडा यांच्या गळून पडलेल्या फांद्यांवर पातळ पापुद्रा चिकटलेला दिसेल. कुठे पांढुरका, कुठे तपकिरी, सालीवर सारवल्यासारखा. ही एक प्रकारची बुरशी. तिच्यातल्या एका गटाला शास्त्रज्ञ स्टीरियम म्हणतात. आपण मात्र ‘लाकूड वाया गेले’ म्हणून नाक मुरडतो.

वास्तविक हा पापुद्रा म्हणजे बुरशीचे केवळ फळ. खरी बुरशी बारीक धाग्यांच्या रूपाने लाकडाच्या आत असते. लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन फारच थोड्या जिवांना पचवता येते. त्यांत या बुरशा प्रमुख. त्यांनी पोखरलेले लाकूड फिकट, भुसभुशीत होते, ओल धरते आणि अखेर मातीस मिळते. झाडाने जमिनीतून घेतलेले सत्त्व असे जमिनीला परत जाते. आपला शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, तोही हेच साधतो. तो विस्तवाने चटकन करतो, बुरशी विस्तवाशिवाय सावकाश करते.

देवराईतली पडलेली काडीही उचलायची नाही, असा दंडक अनेक गावांनी पाळला. अशा देवरायांचा अभ्यास डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात केला. ज्याला आपण अंधश्रद्धा म्हणून हसतो, त्यात जमिनीचे हितही होते.

आज आमच्या भागात फार्महाऊसे वाढली आहेत. तेथे झाड हवे, पण झाडाखाली पान नको! पालापाचोळा, फांद्या गोळा करून काडी लावली की झाली स्वच्छता. आपल्या श्रमदानातही याहून निराळे काय घडते?

कोणी विचारील, मग गरिबाने चूल कशावर पेटवावी? प्रश्न रास्त आहे. आमच्या घरी गॅस आहे. पण सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की आई मोळीला जाते. पापुद्रा धरलेले लाकूड ती उचलत नाही. ते नुसते धुमसते, आच देत नाही. म्हणजे चुलीचा वाटा कोणता आणि रानाचा कोणता, हे शाळेची पायरी न चढलेल्या बाईला ठाऊक आहे. मला ते समजायला पुस्तक उघडावे लागले. तेव्हा रान ओरबाडल्याचा ठपका मोळीवालीवर ठेवण्यापूर्वी आपण हातातल्या काडेपेटीकडे पाहावे.

वाटेवर लोंबणारी धोक्याची फांदी अवश्य तोडावी. पण ती जाळू नये, झाडाच्या बुंध्याशी टाकावी. आपल्या कॉलेजच्या आवारात येत्या पावसाळ्यापासून एवढे तरी करता येईल. त्याला ना वर्गणी लागते, ना उद्घाटन.