महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आपल्या बेळगाव-खानापूर भागात आठ-पंधरा दिवस घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : "आता पुढे काय? कोणते कॉलेज?" प्रश्नाप्रमाणे त्याची उत्तरेही ठरलेली असतात. ज्याला गुण भरपूर त्याने विज्ञान घ्यावे, ज्याला मध्यम त्याने वाणिज्य, आणि जो मागे राहिला त्याच्यासाठी कला शाखा आहेच! महाविद्यालय कोणते, हे शेजारच्या मुलाने कोठे नाव घातले यावर किंवा इमारत किती मजली आहे यावर ठरते. मुलगी असेल तर बसथांब्यापासूनचे अंतर, एवढा एकच निकष पुरतो. बैल घेताना आपला शेतकरी चार बाजार हिंडतो, दात पाहतो, औताला जुंपून पाहतो. मग मुलाच्या आयुष्याची दोन ते पाच वर्षे आणि घरची घामाची मिळकत ज्या ठिकाणी घालायची, त्याची पारख एका दुपारीत उरकावी, हे आम्हांस उचित वाटत नाही.

निवड करता येणे हे भाग्यही फार जुने नाही. कोल्हापुरास राजाराम महाविद्यालय १८८० साली, पुण्यास फर्ग्युसन १८८५ साली आणि धारवाडास कर्नाटक महाविद्यालय १९१७ साली निघाले. बेळगावात लिंगराज महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. तोवर बेळगावच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी गाव सोडणे प्राप्तच होते. आमच्या कोकणीभाषक आप्तेष्टांची गोव्यातील स्थिती याहून बिकट होती. तेथे कला व विज्ञान महाविद्यालये निघाली ती मुक्तीनंतर, १९६२ साली, पणजीस व मडगावास. त्यापूर्वीच्या गोमंतकीय तरुणाला मुंबई, पुणे, धारवाड वा बेळगाव गाठावे लागे. आता २०१० पासून बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, आणि खेड्यातील विद्यार्थी सकाळी घरची भाकरी बांधून निघतो व दिवेलागणीला परत येतो. दार असे जवळ आले, म्हणूनच आत पाऊल टाकण्यापूर्वी विचार करण्याची जबाबदारी वाढली आहे.

पहिली गोष्ट अशी की, आधी विषय निवडावा आणि मग महाविद्यालय. गणितात ज्याचे मन रमत नाही त्याला केवळ गुणपत्रिकेच्या जोरावर विज्ञानाकडे लोटणे म्हणजे चांगले रोप खडकावर लावणे होय. तसेच इतिहास, अर्थशास्त्र, भाषा यांची गोडी असलेल्या हुशार मुलाला "कला शाखा कशाला, ती कच्च्यांची" असे म्हणून परावृत्त करणे हा त्या मुलावर आणि त्या विषयांवरही अन्याय होय. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर आहोत, म्हणून हा पक्षपात कोणी म्हणेल. पण न्यायालयात, वृत्तपत्रांत, प्रशासनात आणि शाळांत याच विषयांची माणसे लागतात, हे कोणास नाकारता येईल? मात्र विषय सोडतानाही पुढचे पाहावे. पदवीपूर्व वर्गात गणित सोडले तर अभियांत्रिकीची वाट सहसा बंद होते. "पुढचे पुढे पाहू" म्हणणाऱ्यास पुष्कळदा पुढे काही पाहावयास उरत नाही.

दुसरी गोष्ट, महाविद्यालय स्वतः जाऊन पाहावे, आणि तेही कामकाजाच्या दिवशी. प्रवेशाच्या दिवशीची रांगोळी व पताका पाहून काही कळत नाही. ग्रंथालयात जावे, तेथे मुले वाचीत बसली आहेत की पुस्तके कुलपात आहेत, ते पाहावे. प्रयोगशाळेत प्रयोग प्रत्यक्ष करावयास मिळतात की वहीत उतरवून घ्यावे लागतात, हे तेथील जुन्या विद्यार्थ्यांस विचारावे. आपल्या विषयाला कायमचे अध्यापक आहेत काय, मराठी विषय घेता येतो काय, शिष्यवृत्तीचे अर्ज केव्हा भरावयाचे, शेवटची बस किती वाजता, हे सारे विचारावे. पदवीच्या महाविद्यालयास राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेची श्रेणी मिळाली असेल तर तीही पाहावी. परंतु श्रेणी संस्थेला मिळते, तुमच्या वर्गात कोण शिकवणार ते ती सांगत नाही.

सीमाभागातील पालकांसाठी येथेच एक सूचना. महाराष्ट्र शासनाने वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी विद्यार्थ्यांसाठी काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा राखून ठेवल्या आहेत. उलट कर्नाटकातील व्यावसायिक प्रवेशासाठी विद्यार्थ्याने किती वर्षे याच राज्यात शिक्षण घेतले, हे पाहिले जाते. म्हणून पदवीपूर्व शिक्षणासाठी सीमा ओलांडण्याआधी दोन्हीकडचे नियम नीट वाचून घ्यावेत. नियम दरवर्षी बदलू शकतात. गावच्या पारावरील माहितीवर विसंबू नये.

परंतु या सर्व प्रश्नांहून मोठा प्रश्न आमच्या मनात आहे, आणि त्याचा उच्चार प्रवेशाच्या घाईत कोणीच करीत नाही. मराठी माध्यमातून गेलेली आपली मुले महाविद्यालयात पहिल्या तीन महिन्यांत गप्प होतात. शाळेत वर्ग गाजवणारा, वक्तृत्वात बक्षिसे आणणारा मुलगा तेथे शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. अध्यापक इंग्रजीत शिकवतात. त्याला विषय येत असतो, शब्द येत नसतात. काल ज्याला तो 'गुरुत्वाकर्षण' म्हणून ओळखत होता, त्याला आज नवे नाव असते. शेजारचा मुलगा फाडफाड उत्तर देतो. मग हा मनाशी म्हणतो, "मला हे जमणार नाही." वस्तुतः त्याला विज्ञान जमत नाही असे नव्हे, त्याला केवळ शे-दोनशे शब्द ठाऊक नसतात. एवढ्याशा उणिवेपायी मुले स्वतःला मठ्ठ समजू लागतात, वर्ग चुकवतात, आणि कित्येक तर शिक्षणच सोडतात. वर्षानुवर्षे माजी विद्यार्थी भेटावयास येतात, त्यांच्या तोंडून हेच ऐकून आम्हांस वाईट वाटते.

म्हणून आमचे मत असे की, जेथे प्रश्न विचारता येतो तेच महाविद्यालय चांगले. तास संपल्यावर दोन मिनिटे थांबून, मोडक्या इंग्रजीत अथवा मराठीत विचारलेली शंका जे अध्यापक न हसता ऐकून घेतात, ते ज्या संस्थेत आहेत तेथे खुशाल नाव घालावे, मग इमारत कौलारू का असेना. आणि एकदा नाव घातल्यावर शंका विचारणे हे तुमचे काम. जो विचारीत नाही त्याला सर्वोत्तम महाविद्यालयही काही देऊ शकत नाही. विहीर कितीही भरलेली असली तरी पोहरा आपणच सोडावा लागतो.

यासाठी काही उपाय अगदी साधे आहेत. सुट्टीतच आपल्या विषयातील पारिभाषिक शब्दांची एक वही करावी : एका बाजूस मराठी शब्द, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. रोज दहा शब्द लिहिले तर महिन्यात तीनशे होतात. पहिल्या दिवसापासून पुढच्या बाकावर बसावे. उद्याचा धडा आज एकदा वाचून जावे. अर्धा समजला तरी उरलेला वर्गात समजतो. आपल्याच शाळेच्या मुलांचा कंपू करून राहू नये. कानडी, उर्दू, इंग्रजी बोलणाऱ्या सोबत्यांत मिसळावे. आमचेच पाहा. घरी आम्ही कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवतो, बाजारात कानडी बोलतो. तुमच्यापैकी बहुतेकांच्या तोंडी अशाच दोन-तीन भाषा आहेत. ज्याने तीन भाषा खेळता खेळता आत्मसात केल्या, त्याने चौथीला भ्यावे हे विचित्रच नव्हे काय?

धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र या संदर्भात मनन करण्याजोगे आहे. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेला हा कोकणी घरातील पुरुष विद्यार्थी म्हणून महाविद्यालयाची पायरी कधी चढला नाही. ज्ञानाच्या ओढीने तो पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा फिरला. मिळेल तेथे राहिला, भेटेल त्या विद्वानाच्या पायाशी बसला आणि पाली भाषा व बौद्ध वाङ्मय यांवर प्रभुत्व मिळवून पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्याच विषयाचा प्राध्यापक झाला. यावरून महाविद्यालये निरर्थक आहेत असे कोणी समजू नये. ज्यासाठी कोसंबींना देशोदेशी भटकावे लागले, ते गुरू आणि ग्रंथ आज तुम्हांस एका आवारात मिळतात. प्रश्न इतकाच की, त्यांच्यासारखी भूक तुमच्यापाशी आहे काय?

वर्गाबाहेरही महाविद्यालय असते, हेही विसरू नये. वादविवाद, नाट्य, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना यांत एका तरी ठिकाणी मनापासून काम करावे. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले. अशा अध्यापकाचा सहवास लाभलेल्या मुलांना मिळालेले धन गुणपत्रिकेत कसे मावावे? मात्र हौस आणि अभ्यास यांचा तोल आपणच सांभाळावयाचा. तेथे शाळेसारखा घरी निरोप धाडणारा वर्गशिक्षक असेलच असे नाही.

शेवटी दोन शब्द पालकांशी. मुलीच्या शिक्षणासाठी "जवळचे तेच बरे" हा न्याय सोडून द्यावा. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून विनामूल्य प्रवासाची सोय झाली आहे. भाड्याची अडचण त्यामुळे बरीच दूर झाली. उरते ती आपल्या मनातील. मुलीला कोणता विषय शिकावयाचा आहे, हे तिला एकदा समोर बसवून विचारावे आणि तिचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. पहिल्या सत्रात गुण घसरले तर मुलाला वा मुलीला रागावू नये. भाषा बदलली आहे, हे ध्यानी घेऊन सहा महिने धीर द्यावा.

विद्यार्थिमित्रहो, या शाळेने तुम्हांस मराठीतून विचार करावयास शिकविले. जो एका भाषेत नीट विचार करू शकतो, तो दुसऱ्या भाषेतही करू शकतो. थोडा अवधी आणि थोडे धैर्य मात्र लागते. नव्या वर्गात पहिल्याच आठवड्यात एक तरी शंका विचारा. हात वर करताना तो थरथरला तरी चालेल. तो खाली मात्र घेऊ नका.