बसलेला माणूस आळशी काय?

आळसाची निंदा आणि उद्योगाची स्तुती हे विषय असे आहेत की, त्यांवर बोलणाऱ्यास कोणी विरोध करीत नाही. पण निंदा कोणाच्या आळसाची व स्तुती कोणाच्या कष्टांची, असे विचारले म्हणजे पुष्कळ उपदेशांचा रंग उतरू लागतो.

पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराची दोन चित्रे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. इ. स. १५६५ च्या 'कापणी' या चित्रात काही माणसे गहू कापीत आहेत, काही झाडाखाली जेवीत आहेत, आणि एक गडी बुंध्याशी पाय फाकून गाढ झोपला आहे. दोनच वर्षांनी, १५६७ साली, याच चित्रकाराने आळशांच्या देशाचे चित्र काढले. तेथे छपरावर खाद्यपदार्थ रचलेले आहेत, भाजलेले डुक्कर अंगात सुरी खोचून आपण होऊन हिंडत आहे, आणि झाडाखाली शेतकरी, शिपाई व कारकून असे तिघे पोट भरून पसरले आहेत. पडण्याची ढब पुष्कळ अंशी एकच! तरी पहिल्यास आपण थकलेला म्हणतो व दुसऱ्यांस आळशी. कारण पहिल्याच्या शेजारी कापलेले शेत दिसते. दुकानात क्षणभर टेकलेल्या नोकराचे शेत मात्र कोणास दिसत नाही.

लंडनच्या विल्यम होगार्थने १७४७ साली बारा चित्रांची एक मालिका छापून काढली. तीत दोन उमेदवार विणकर आहेत. उद्योगी उमेदवार धन्याची मुलगी वरतो व अखेर लॉर्ड मेयर होतो. मागावर डुलक्या घेणारा चोरीमारीस लागून फासावर जातो. उमेदवारांस बोध व्हावा म्हणून ही चित्रे मुद्दाम स्वस्त ठेवली होती. ती उत्तम आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मागावर रोज किती तास बसावे लागे, या प्रश्नास तीत जागा नाही. पहिल्याच चित्रात धनी येतो तो हातात काठी घेऊन.

ॲरिस्टॉटलने उलट फुरसतीलाच कामाचे साध्य मानले. मात्र ती फुरसत नागरिकांची. धोटा आपोआप विणू लागेल तर धन्यास गुलाम नकोत, असे म्हणून त्याने गुलामांचा प्रश्न मिटविला. पुढे धोटा खरोखरच आपोआप धावू लागला. तरी मुंबईच्या गिरणी-कामगारास रविवारची सुटी मिळण्यास १८९० साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांस कित्येक वर्षे झगडावे लागले.

आता आमच्या पेठांकडे वळू. केरळात कापडाच्या दुकानांतील स्त्रियांस गिऱ्हाईक नसतानाही दिवसभर उभे ठेवीत. त्यांनी चळवळ केली, तेव्हा २०१८ साली बसण्याची सोय तेथे कायद्याने आवश्यक झाली. तमिळनाडूने २०२१ साली तोच मार्ग धरला. आमच्या व्यापारी बंधूंनी अशा सक्तीची वाट का पाहावी? प्रत्येक फळीमागे एक स्टूल ठेवण्यास खर्च तो किती! नोकर बसलेले दिसले तर दुकान सुस्त दिसते व गिऱ्हाईक परत फिरते, असा आक्षेप आम्ही वारंवार ऐकतो. पण मालक तर दिवसभर गल्ल्याशी बसलेलेच असतात. त्यांस पाहून एखादे गिऱ्हाईक परत फिरल्याचे अद्याप आमच्या ऐकिवात नाही.