अकरावी सायन्सच कशाला?

शहापूर-मुरबाडकडे पोरगं दहावी झालं की घरचे हमखास म्हणणार, "अकरावी सायन्स घे, मग सीईटी." बरा क्लास लावायचा तर कल्याण. शहापूरकरांना निदान आसनगावहून लोकल आहे, मुरबाडला रेल्वेच नाही, सगळा भरवसा एसटीवर. (त्यावर वेगळी पोस्ट होईल. असो.)

गावाकडच्या भाच्या-पुतण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरच व्हायचं असेल, तर माझं मत विचाराल तर त्याला डिप्लोमाला घाला. तीन वर्षं, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. सीईटी नाही, मेरिट डिप्लोमाच्या मार्कांवर. पात्रतेला ४५ टक्के पुरतात, राखीव गटांना ४०. चांगल्या कॉलेजचं मेरिट अर्थातच बरंच वर. आणि मध्येच घरी अडचण आली तर नोकरीपुरता कागद हातात असतो. नुसत्या बारावीला कोण विचारतं?

गोची गणिताची. कॉम्प्युटर डिप्लोमात ते पहिल्या वर्षातच संपतं. मग दोन वर्षांनी डिग्रीला गेल्या गेल्या तिसऱ्या सेमिस्टरचं गणित अंगावर येतं (आमच्या भाषेत एम-थ्री, लाप्लास-फूरिये वगैरे), तेही एम-वन, एम-टू करून आलेल्या पोरांच्या शेजारी बसून. हुशार पोरांची केटी लागते ती इथेच. म्हणून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासूनच रोज अर्धा तास इंटिग्रेशन. एम-वन, एम-टूची जुनी पुस्तकं तुमच्या माळ्यावर पडली असतील, ती पाठवून द्या.