घर पडते की पाडले जाते?

मुंबईत घर बांधण्याच्या परवानगीची कथा घरोघरी ऐकू येते. कोणत्या खात्यात किती खेटे घातले, कोणत्या टेबलावर फाईल किती महिने निजली, हे सांगणारा गृहस्थ प्रत्येक कुटुंबात एक तरी असतोच. घर पाडण्याच्या परवानगीविषयी मात्र आपल्या समाजात फारसे बोलले जात नाही. जुनी वास्तू आपोआपच पडायला आलेली असते, तिला पाडायला परवानगी ती कसली, असा एक समज रूढ आहे. हा समज आम्हाला घातक वाटतो, आणि तो ज्यांच्या सोयीचा आहे त्यांनीच तो जोपासला आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. गिरगाव, माझगाव, भायखळा, दादर, वांद्रे येथील धर्मग्रामांतली कितीतरी कुटुंबे आजही पागडीच्या खोल्यांतून राहतात. त्यांच्या जिन्यावर पालिकेची नोटीस चिकटली की मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोन-चार रविवार चर्चा होते. कोणी वकिलाचे नाव सुचवतो, कोणी नोव्हेना बोलतो, आणि काही महिन्यांनी ते कुटुंब मीरा रोडला किंवा नालासोपाऱ्याला गेल्याचे कळते. धर्मग्रामाच्या वहीतून एक नाव कमी होते आणि विषय मिटतो. तो असा मिटू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

कायद्याचे शब्द आधी नीट वाचले पाहिजेत. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. त्यातील कलम ३५४ हे मोडकळीस आलेल्या, कोसळण्याच्या बेतात असलेल्या वास्तूंविषयीचे आहे. आयुक्तांनी मालकाला अथवा भोगवटादाराला लेखी नोटीस द्यावी आणि अशी वास्तू पाडावी, सुरक्षित करावी, हटवावी किंवा दुरुस्त करावी असे फर्मवावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ज्या वाक्यात पाडणे आहे त्याच वाक्यात दुरुस्तीही आहे. व्यवहारात मात्र या कलमाचे नाव घेतले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जेसीबी उभा राहतो, गवंडी नव्हे. ‘३५४ लागली’ असे चाळकरी म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ घर गेले एवढाच असतो.

याच अधिनियमातील कलम ३५३ ब अन्वये तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारतीची वर्गवारी होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक. ती तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे काही भाग रिकामा करून, प्रसंगी तेवढाच पाडून, उरलेल्याची मोठी दुरुस्ती करायची. सी-२ब मध्ये माणसे न हलवता मोठी दुरुस्ती, आणि सी-३ मध्ये किरकोळ डागडुजी. वर्गवारी शहाणपणाची आहे. तिच्यातला सी-२अ हा वर्ग तर आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, कारण मागची गॅलरी आणि संडासाची बाजू खचली म्हणून अख्खी इमारत जमीनदोस्त करावी लागत नाही, हे त्यात मान्य केलेले आहे. मग इतक्या घरांच्या नशिबी सी-१ च का येते?

याचे उत्तर सहीत आहे. अभियंत्याने इमारत दुरुस्त होण्याजोगी आहे असे लिहिले आणि पुढच्या पावसाळ्यात ती कोसळली, तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, अटकही होऊ शकते. त्याने पाडा असे लिहिले आणि ती आणखी चाळीस वर्षे उभी राहण्याजोगी होती, तर ते कोणाला कधीच कळत नाही. पुरावा राडारोड्याच्या ट्रकातून निघून गेलेला असतो. वॉर्डातल्या अधिकाऱ्याचेही तेच. एका बाजूला तुरुंगाची भीती आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशा तराजूत सज्जन माणूसही पाडण्याच्याच बाजूने सही करील. येथे कोणी लाच घेतली असे म्हणण्याची गरजच नाही. लाच न घेताही निकाल ठरलेला असतो. मालकाला केवळ योग्य तो अभियंता नेमायचा असतो, आणि अभियंत्याची फी कोण देतो हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

रहिवाशांनी स्वखर्चाने दुसरा अहवाल आणला आणि दोन अहवालांचे पटले नाही, तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते. ही तरतूद चांगली आहे. पण चाचण्या कशावर करतात ते पाहा. हातोड्याच्या उसळीवरून काँक्रीटचा कठीणपणा मोजायचा, ध्वनिलहरी आरपार सोडून आतली पोकळी शोधायची, गाभ्याचा तुकडा काढून तो दाबून पाहायचा, सळई किती गंजली ते विजेच्या मापाने ठरवायचे. या सगळ्या चाचण्या काँक्रीटच्या आहेत. खोताच्या वाडीतले किंवा माथारपाखाडीतले सागवानी खांब, तुळया, विटांच्या भिंती आणि चुन्याचा गिलावा असलेले घर या चाचण्यांना काय सांगणार? तेथे जाणता सुतार लागतो. खांबाचा कुजलेला पाय कापून नवा तुकडा सांधणे, वाळवी लागलेली तुळई बदलणे, कौले उतरवून रीप नवी करणे, हे आपल्या आजोबांच्या पिढीला नेहमीचे काम होते. आज अहवालाच्या छापील तक्त्यात सुतारासाठी रकानाच नाही.

आणि तज्ज्ञांचे एकमत असते असेही नाही. काळा घोड्याजवळील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे १८६० च्या दशकात ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेले जुने वॉटसन्स हॉटेल. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या तपासणीने ती पाडावी असा सल्ला दिला. वारसा जतनातल्या जाणकारांनी ती वाचवता येईल असे ठामपणे सांगितले. इमारत अजून उभी आहे. ती वारसा यादीत होती, तिच्यासाठी बोलणारे नामवंत होते, वृत्तपत्रे होती. डॉकयार्ड रोडच्या गल्लीतल्या दुमजली चाळीसाठी कोण बोलणार?

आता घर या अवस्थेला येते कसे, तेही सांगितले पाहिजे. जुन्या भाडे नियंत्रणाने शहरातली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, आणि मालकाच्या हाती दुरुस्तीपुरतेही पैसे येईनात, हे खरे आहे. या बाबतीत मालकांची तक्रार आम्ही खोटी मानत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमातले कलम १४ इमारत राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकते. त्याने ती पाळली नाही तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोयही देते. मात्र वळती करावयाची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. महिना साठ रुपये भाडे असेल तर वर्षाचे सातशे वीस, आणि त्याचा चौथा हिस्सा एकशे ऐंशी रुपये. एवढ्यात आज गवंडी चहापुरताही थांबणार नाही. परंतु खोलीचे भाडे साठ रुपये असले तरी खोलीखालच्या जमिनीला कोटींचा भाव आहे. तेव्हा मालकाला, किंवा त्याच्याकडून इमारत विकत घेणाऱ्या विकासकाला, काहीही न करता वाट पाहणे हाच सर्वांत किफायतशीर मार्ग ठरतो. गच्चीत पाणी मुरू द्यायचे, पिंपळाचे रोप भिंतीत वाढू द्यायचे, आणि दहा वर्षांनी अभियंत्याला बोलवायचे.

पुनर्विकासाच्या सरळ वाटेने जायचे तर जुन्या उपकरप्राप्त इमारतीत एकावन्न टक्के भाडेकरूंची संमती लागते, करार लागतात, तात्पुरत्या निवाऱ्याची व्यवस्था दाखवावी लागते. धोकादायक ठरवण्याच्या वाटेवर यातले काहीच लागत नाही. पाणी तोडले, वीज तोडली, पोलीस बंदोबस्तात माणसे उतरवली, की काम झाले. कोणाची संमती विचारण्याची वेळच येत नाही, कारण जीव वाचवायचे असतात.

जीव वाचवायचे असतात हे मात्र नाकारता येत नाही. २०१३ च्या सप्टेंबरात माझगावातली बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ माणसे मेली. ती पालिकेची स्वतःची, पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची, जेमतेम तीन दशकांची इमारत होती. २०१७ मध्ये घाटकोपरला साई दर्शन पडली, १७ जण गेले. तेथे तळमजल्यावरच्या बांधकामात केलेले फेरफार कारण म्हणून पुढे आले. इमारतीचा एखादा खांब वा भिंत काढायलाही परवानगी लागते हे आपल्या लोकांना अजून पटत नाही. हॉल मोठा करायचा म्हणून मधली भिंत काढणारे आपल्या ओळखीत किती आहेत ते आठवून पाहावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट पडून पुन्हा १७ बळी गेले. तेव्हा जुने ते सर्व राखावे, काहीच पाडू नये, असा हट्ट आम्ही धरीत नाही. दादरच्या पोर्तुगीज चर्चची परंपरा १५९६ पासूनची. पण आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात नव्याने उभारलेली आहे, आणि भाविक तिच्यातही तितक्याच श्रद्धेने गुडघे टेकतात. जे पाडायलाच हवे ते पाडावे. आमचे म्हणणे एवढेच, की वास्तू उभी राहू शकते का, हा एकच प्रश्न विचारून परवानगी देऊ नये. तिची ही दशा कोणी केली आणि तिच्यातली माणसे उद्या रात्री कोठे झोपणार, हे दोन प्रश्नही त्याच कागदावर, सहीच्या आधी, उत्तरासह आले पाहिजेत.

इतरांच्या बाबतीत असे प्रश्न विचारले जातातच. आवारातला आंबा तोडायचा तर वृक्ष प्राधिकरण आहे. झाडावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. पाडकामातून निघणारा राडारोडा कोठे टाकणार, हे आधी लिहून द्यावे लागते. विटा-मातीचा मुक्काम आधी ठरतो. माणसांचा ठरत नाही.

न्यायालयांनी काही आधार दिला आहे. पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, जमिनीवर तो कायम राहतो, असे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारतींबाबत मार्गदर्शक नियम घालून दिले. पाडण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाच्या ताब्यातील क्षेत्राची नोंद घ्यावी, असे त्यांत आहे. नोटीस आलेल्या प्रत्येक कुटुंबाने ही नोंद करवून घ्यावी, तिची प्रत मागून घ्यावी आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्याइतकी जपून ठेवावी. म्हाडाच्या कायद्यात २०२२ मध्ये मंजुरी मिळालेले कलम ७९अ आले. मालकाला सहा महिने, तो हलला नाही तर भाडेकरूंना सहा महिने, तेही जमले नाही तर म्हाडा स्वतः, असा क्रम त्यात आहे. क्रम उत्तम. पण २०२५ मध्ये त्याखालच्या शेकडो नोटिसा कोणत्या अधिकाराने काढल्या, यावरूनच उच्च न्यायालयात प्रकरण गाजले. हक्क कायम राहतो; पण सत्तर वर्षांच्या विधवेने तो हक्क उशाशी घेऊन कोठे झोपायचे? संक्रमण शिबिरात गेलेल्यांची मुले तेथेच लग्नाला आली, ही उदाहरणे आपल्या धर्मग्रामांत नवी नाहीत.

येथवर वाचून जे माना डोलावत असतील, त्यांना आता थोडे अवघड वाटेल. जुन्या इमारतींचे मालक केवळ सेठ लोक नाहीत. धर्मादाय संस्था आहेत, आणि आपल्या स्वतःच्या संस्थाही आहेत. आपल्यातलेच सद्गृहस्थ त्यांचे विश्वस्त असतात. विश्वस्त संस्थेची जमीन विकायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. गच्ची वीस वर्षे गळू द्यायला मात्र कोणाचीच मंजुरी लागत नाही. ‘संस्थेजवळ पैसा नाही’ हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे, आणि ते काही ठिकाणी खरेही असेल. परंतु त्याच संस्थेजवळ सभागृहाला वातानुकूलन करायला पैसा असतो तेव्हा ते उत्तर ऐकवत नाही. गरिबांच्या बाजूने उभे राहण्याविषयीची प्रवचने आपण ऐकतो. आपल्याच भाडेकरूला सी-१ ची नोटीस आली, की संस्थेचे वकील कोणत्या बाजूला उभे असतात?

दरवर्षी मे महिन्यात अतिधोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध होतात. त्याआधी आपल्या विश्वस्तांनी स्वतःची एक यादी लावावी. संस्थेच्या मालकीच्या इमारती किती, प्रत्येकीत कुटुंबे किती, शेवटची मोठी दुरुस्ती कोणत्या साली झाली, तिच्यावर काय खर्च आला, तपासणी कोणी केली आणि त्याची फी कोणी दिली. दुसऱ्या अभियंत्याची फी एका कुटुंबाला पेलत नाही, धर्मग्रामाला पेलते. सणाच्या रोषणाईतून तेवढे निघतील. आणि ही यादी कार्यालयाच्या कपाटात न ठेवता चर्चच्या दाराशी असलेल्या फलकावर, विवाहांच्या जाहीर घोषणांच्या शेजारी लावावी.